खाणीत मी कोणाच्या हाताला चावलो?

आधीच सांगतो... भूत-प्रेत, अंगात येणं, लिंबू-मिरची असलं काही माझ्यासमोर कोणी काढलं की माझं डोकंच फिरतं. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हाच घरातलं देवदेवस्की, अंगारे-धुपारे सगळं बंद झालं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटून राहिली आहे. पण पोटात ठेवूनही राहवत नाही.

तुमसरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं मँगनीजच्या खाणीचं गाव. एक बाजार, क्वार्टर्सच्या चार ओळी, आणि कपडे कितीही धुवा, काळी धूळ काही जात नाही. मी जमिनीखालच्या खाणीत इलेक्ट्रिशियन, पंप बघतो. माझा जोडीदार गजाननभाऊ सिहोऱ्याकडचा. घरी धानाची शेती, आणि स्वभावाने इतका गरीब की त्याच्या तोंडून कधी शिवी ऐकली नाही.

खाली पंपांच्या आवाजात कानाजवळ ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आमच्यात रीतच आहे — वरून बारीक खडे झरताना दिसले की हाका मारत बसायचं नाही, जोडीदाराला सरळ धक्का मारून ढकलायचं. ज्याला धक्का बसला त्याने मागे वळून "काहून?" विचारायचं नाही. पळायचं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळची पाळी. भाऊने लोखंडी सब्बलने छत ठोकून पाहिलं... टणटण आवाज, म्हणजे पक्कं. मग माझ्या कानाशी येऊन ओरडला, "वायर आणतो गा वरून, तू नट ढिले करून ठेव," आणि गेला. मी बंद पंपावर वाकलो.

आणि कानशिलात अशी बसली की डोळ्यांसमोर काजवे चमकले! हेल्मेट उडालं, त्यावरचा दिवा फुटला. काळाकुट्ट अंधार.

रीतीप्रमाणे पळायला हवं होतं. पण आत्ताच तर छत ठोकलं होतं! मला वाटलं, भाऊला वेड लागलं. "काहून मारून राहिला बे?" मी ओरडलो. उत्तरादाखल पाठीत लाथ. मग केस धरून मला फरफटत ओढायला लागला. मी शिव्या देत हातातला पाना फिरवला, तो कशावर तरी दणकून बसला, तरी पकड सुटेना. शेवटी तोंडाशी आलेल्या हाताला मी कडकडून चावलो. दात मांसात रुतले, तोंड रक्ताने भरलं. त्याने मला उचलून लांब फेकलं — आणि मागे धडाडकन छत कोसळलं. पंप दगडांखाली गडप!

धुळीत खोकत, चाचपडत मी वर आलो. वाचल्याचा आनंद वगैरे काही नाही, नुसता संताप. गजाननभाऊ स्टोअरच्या दारात वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन उभा होता. मी धावत जाऊन त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. नाकातून भळभळा रक्त आलं बिचाऱ्याच्या. लोकांनी मला धरलं.

"पागल झाला काय बे? तो त कवाचा इथंच आहे," स्टोअरवाला ओरडला, "मीच त वायर काढून देऊन राहिलो होतो त्याले!"

भाऊने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. साधा ओरखडा नव्हता.

"मी नोतो गा खाली," तो म्हणाला. "असतो त मीच ओढलं असतं तुले."

त्या भागात आम्हा दोघांशिवाय कोणाची ड्युटीच नव्हती. नंतर ढिगारा उपसला, खाली कोणी सापडलं नाही. दवाखान्यात माझं तोंड धुतलं, आत एकही जखम नाही. मग ते रक्त कोणाचं? कोणी म्हणतं खाणीची माय, कोणी म्हणतं खाणीत मेलेला जुना कामगार. असं म्हणणाऱ्यांवर मी आजही खेकसतो. पण माझ्याजवळ तरी दुसरं काय उत्तर आहे?

भाऊची माफी मी त्याच दिवशी मागितली. पाय धरायला गेलो त त्याने मिठी मारली. पण ज्याने मला ओढून काढलं, त्याला मी शिव्या दिल्या, पान्याने मारलं, रक्त निघेस्तोवर चावलो... त्याची माफी कुठे जाऊन मागू?