देसलेकाकांच्या नऊ इनिंग

ज्याने कधी गोडाऊन सांभाळलंय त्यालाच कळेल, की कुणी न मागवलेला माल कसा साठत जातो. आज एक खोका बाजूला ठेवला, उद्या दुसरा, आणि एक दिवस बघावं तर दार उघडायला जागा नाही! देसलेकाकांच्या किश्श्यांचं आमच्याकडे असंच झालंय. काका भारतात परत गेले त्याला वर्ष होऊन गेलं. पण फुजैरातले आम्ही जुने तिघंचौघं कुठे भेटलो, की चहा येण्याआधी कुणीतरी म्हणतंच, "ए, काकांचं ते आठवतं का?" आणि मग चहा थंड होतो.

फुजैराच्या समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना बटाट्यांपासून दोरखंडापर्यंत लागेल ते पोहोचवायचं, हे आमच्या कंपनीचं काम. मालक पाटकर शेठ. आणि सगळी धावपळ बघणारे मॅनेजर म्हणजे देसलेकाका, मूळचे जळगावचे. तरुणपणी ते राज्याच्या बेसबॉल टीममध्ये पिचर होते. म्हणजे समोरच्या बॅटवाल्याला बॉल फेकणारा. गल्फमध्ये आल्यापासून त्यांची एकच इच्छा होती. आपली स्वतःची नऊ माणसांची टीम करायची आणि एक मॅच, फक्त एक मॅच, पूर्ण नऊ इनिंग खेळायची. जिथे पार्किंग रिकामं दिसलं की क्रिकेटचे स्टंप उभे राहतात, अशा देशात!

*

माझा इंटरव्ह्यू. शेठ माझा सीव्ही वाचत होते. शेजारी एक उंच, सडपातळ गृहस्थ सॅम्पलच्या पेटीतलं संत्रं हातात फिरवत बसले होते. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"डॉक्युमेंटेशनचा एक्स्पिरियन्स जरा कमी वाटतो," शेठ म्हणाले.

तेवढ्यात ते संत्रं सूं करून माझ्या नाकाकडे आलं! मी घाबरून डावा हात वर केला आणि कसं कोण जाणे, पकडलं.

"घ्या याला," काका म्हणाले. "सेकंड बेसवर उभा राहील."

"देसले, मला क्लार्क पाहिजे!"

"क्लार्कपण होईल तो, शेठ. शिकवता येतं ते." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "खा भो ते संत्रं. तुझंच आहे आता."

घरी फोन करून नोकरी लागल्याचं सांगितलं. आईने पोस्ट विचारली. म्हटलं, सेकंड बेस.

*

जमिनीवर रंगवलेल्या रेषेवर काका कधीही पाय द्यायचे नाहीत. पिचर लोकांची जुनी समजूत आहे म्हणे, रेषेवर पाय पडला की दिवस वाया. पार्किंगची रेष असो, झेब्रा क्रॉसिंग असो, टुण्णकन उडी! साठीला आलेला माणूस झेब्रा क्रॉसिंगवरून उड्या मारत चाललाय, आणि दोन्ही बाजूंच्या लँड क्रूझर थांबून बघताहेत. हे दृश्य मी कित्येकदा पाहिलंय. लाज वाटायची तेव्हा. आता बघायला मिळालं तर पैसे देईन.

बंदरात तर जिकडेतिकडे पिवळ्या रेषा. तिथला सेफ्टी ऑफिसर भलता कडक, हसणं त्याला मंजूरच नव्हतं. त्याने एकदा काकांना अडवलं. "मिस्टर देसले, व्हाय आर यू जंपिंग?"

"लक, सर."

"देअर इज नो लक इन सेफ्टी!" त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि काकांना तंबी देऊन सोडलं.

साधारण महिन्याने मी गेटपाशी गाडीत बसलो होतो. सेफ्टी ऑफिसर एकटाच येत होता. पिवळ्या रेषेपाशी थांबला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मारली उडी!

*

पिचरला कुठला बॉल टाक हे मागे बसलेला कॅचर बोटांनी खुणावतो. पिचरला तो पसंत नसेल तर तो नुसती मान हलवतो. मग कॅचर दुसरी खूण करतो. काका हेच मीटिंगमध्ये करायचे.

शेठ म्हणायचे, "रास अल खैमाला रोज गाडी पाठवू या."

काकांची मान हळूच नकारार्थी.

"बरं, दिवसाआड?"

परत मान.

"मग... आठवड्यातून दोनदा?"

काकांची मान खालीवर. खलास, मीटिंग संपली! एक शब्द बोलायचे नाहीत. वर्षानुवर्षं कंपनी अशी चालली. निरोपसमारंभात शेठ डोळे पुसत म्हणाले, "एक सांगतो, देसले कधी माझ्या शब्दाबाहेर गेला नाही." आम्ही सगळे खाली बघत बसलो.

*

चष्म्याचा किस्सा तर बंदरात सगळ्यांना पाठ आहे.

एका जहाजाच्या कॅप्टनचा चष्मा फुटला. आम्ही गावातून नवा करून घेतला, आणि नेमका त्या दिवशी समुद्र खवळलेला. आमची छोटी बोट जहाजाला टेकू शकेना, शिडी सोडता येईना. बोटीचा ड्रायव्हर म्हणाला, "साब, कल आएंगे. इन्शाल्ला." पण जहाज त्याच दिवशी निघणार होतं.

काकांनी बूट काढला. मोजा काढला. चष्म्याची डबी फडक्यांत गुंडाळून मोज्यात घातली, वरून टेप मारून गोळा केला. वर डेकवर एक खलाशी वाकून उभा होता. बोट खालीवर होत होती. मी आणि ड्रायव्हर एकमेकांना धरून होतो. काकांनी एक पाय वर घेतला, क्षणभर तसेच थांबले, आणि फेकला. गोळा थेट खलाशाच्या दोन हातांत! त्याला हात हलवावासुद्धा लागला नाही.

पाच मिनिटांनी रेडिओवर कॅप्टनचा आवाज आला. "चष्मा मिळाला, थँक यू. एक मोजाही मिळाला. तो ऑर्डरमध्ये नव्हता. काय करायचं?"

काका म्हणाले, "ठेवा. दुसरा पुढच्या ट्रिपला पाठवतो!"

*

टीमचं मात्र काही जमत नव्हतं. आठ माणसं व्हायची, नववा मिळाला की आधीच्यातला एक कुणीतरी नोकरी बदलून दुबईला जायचा. काका उमेद सोडायचे नाहीत. रविवारी आठ जणांची प्रॅक्टिस चालू. माझी मुलगी इरा तेव्हा सात वर्षांची होती. तिने एकदा विचारलंच, "काका, व्हाय कान्ट यू जस्ट प्ले क्रिकेट लाइक नॉर्मल पीपल?"

काकांनी हातातला बॉल एकदा फिरवला. मग म्हणाले, "बेटा, मला बॉल जमिनीवर आपटलेला बघवत नाही."

प्रॅक्टिसला सुनंदावहिनी, म्हणजे काकांच्या सौ., आम्हा सगळ्यांसाठी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन यायच्या. एसी लावून गाडीत बसायच्या. सहा वर्षं!

एका रविवारी आमचा कॅचर बिजू, आमचाच स्टोअरकीपर, काकांचा बॉल पकडताना बोट धरून खाली बसला. प्रॅक्टिस थांबली. गाडीचं दार उघडलं. वहिनी उतरल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधली, बिजूच्या हातातला ग्लव्ह काढून घातला आणि बरोब्बर कॅचरसारख्या उकिडव्या बसल्या.

"वहिनी, लागेल हो तुम्हाला!" मी ओरडलो.

"कॉलेजात यांचा बॉल कोण पकडायचं असं वाटतं तुम्हाला?"

काकांनी टाकला. वहिनींनी पकडला. परत टाकला, परत पकडला. आम्ही बघतच राहिलो.

"अहो वहिनी, इतकी वर्षं आम्ही नववा माणूस शोधतोय! बोलला का नाहीत?"

वहिनींनी काकांकडे बघितलं. "मला कुणी विचारलंच नाही."

त्या दिवशी काकांना भरीत मिळालं नाही.

*

आणि आता मॅचचं.

काकांचा व्हिसा संपत आला होता. मंगळवारची फ्लाइट, कायमची. उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखत होता, डॉक्टरांनी बॉल हातात घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. त्यात कळलं, की तेलाच्या टर्मिनलवर टाक्या बांधायला आलेले कोरियन इंजिनियर बेसबॉल खेळतात आणि तेही सोमवारी परत चाललेत. उरला एकच रविवार. काका स्वतः जाऊन बोलून आले. आमची नऊ माणसं वहिनी धरून तयार होती.

सकाळी सहाला वाळूच्या मैदानावर मॅच सुरू झाली. स्कोअर विचारू नका. कोरियन लोकांनी आम्हाला धुतलं. पण काका! एकेक इनिंग संपली की बोटं मोजून दाखवत होते. पाच झाल्या, सहा झाल्या. सातवी संपली आणि नऊ वाजले.

नऊनंतर ते मैदान गुल खानच्या टीमचं. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्या फुजैराला माहीत. गुल खान ट्रेलर ड्रायव्हर, उंचापुरा पठाण, त्याचा सिक्स मारलेला बॉल शोधायला गाडी न्यावी लागायची. तो स्टंप खांद्यावर टाकून आला. "चाचा, नौ बज गए. खलास."

मी पुढे झालो. म्हटलं, मंगळवारची फ्लाइट आहे यांची, फक्त दोन इनिंग उरल्यात.

"भाई, मेरे लड़के छह दिन ट्रेलर चलाते हैं. एक ही दिन मिलता है." त्याचंही खोटं नव्हतं.

काका पुढे आले. "तीन बॉल. तुम्हारे तीन आदमी, एक-एक बॉल. बैट हमारा. किसी एक ने भी बैट लगा दिया, तो मैदान तुम्हारा. नहीं तो दो इनिंग हमारी."

गुल खानने ती जाडजूड बॅट हातात तोलून बघितली. हसला. "यल्ला, डालो."

पहिला पोरगा उभा राहिला. काकांनी पाय वर घेतला आणि असा बॉल सोडला, की वहिनींच्या ग्लव्हमध्ये फाट्‌ वाजल्यावर पोराने बॅट फिरवली. दुसऱ्याचा बॉल सरळ येता येता टपकन खाली वळला. बॅट हवेत, पोरगा वाळूत! कोरियन लोक टाळ्या वाजवायला लागले. काका मात्र खांदा धरून उभे होते.

वहिनी बॉल घेऊन स्वतः चालत गेल्या. काहीतरी हळू आवाजात बोलल्या. काकांनी नकारार्थी मान हलवली. वहिनी परत येऊन बसल्या. त्यांचे डोळे भरलेले मला लांबून दिसले.

तिसरा गुल खान स्वतः.

काकांनी पाय वर घेतला, हात मागे नेला, आणि त्यांच्या तोंडून 'आई गं' आलं. बॉल सुटला खरा, पण नुसता निघाला म्हणायचा. छातीच्या उंचीवर, सरळ, सावकाश. इराने टाकला असता तर याहून जोरात गेला असता.

गुल खानने बॅट उचलली. तो बॉल त्याने येताना पाहिला, समोरून जाताना पाहिला, वहिनींच्या ग्लव्हमध्ये पडलेला पाहिला. आणि मग दात आवळून, सगळी ताकद लावून बॅट फिरवली.

त्याची पोरं उठून उभी राहिली.

त्याने बॅट वाळूत नीट आडवी ठेवली आणि पोरांकडे वळून ओरडला, "बैठो सब! दो बाकी हैं." मग काकांकडे बघितलं आणि मान हलवत म्हणाला,

"बहुत तेज था, चाचा. दिखा ही नहीं."