आबांची सीट

रस्त्यात कुणाचीही सायकल उभी दिसली की आबा आधी तिच्या सीटवर अंगठा दाबायचे. शाळेबाहेर, दवाखान्याबाहेर, अगदी लग्नाच्या मांडवाबाहेरसुद्धा. अंगठा आत गेला की मान हलवून म्हणायचे, "बुडाला!" बारामतीत आमच्या बाजूला राहत असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल, आणि म्हातारा सायकल चोरतोय की काय म्हणून वळून बघितलंही असेल.

ते साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. भवानीनगरपासून इंदापूरपर्यंत उसाच्या नोंदी घेत अख्खी नोकरी सायकलवर काढली. पुढं गुडघ्यांनी दगा दिला, चार पावलं चालणं जड जाई. सायकल मात्र भन्नाट चालायची. आमच्याकडे आले की चहा उभ्यानंच. "बसा की आबा," म्हटलं की, "बसतो की सायकलवर," म्हणायचे आणि टांग टाकायचे.

मी गणिताचा मास्तर, बेचाळिशीत सायकलचं खूळ घेतलेला. तीनशे किलोमीटर ठरलेल्या वेळात पुरे करायचे, एवढंच डोक्यात. पहिल्या खेपेला भिगवणलाच हात टेकले. सीटवर गादी, चड्डीत गादी, तरी बसायची सोय उरली नव्हती. ढाब्यावर मासे उभ्यानं खाल्ले आणि टेम्पोत पालथा पडून घरी आलो. बायको पोट धरून हसली. मला रडू येत होतं.

आबांनी माझ्या सीटवर अंगठा दाबला. पेरभर आत.

"बुडाला! मास्तर, मानसाला बसायला दोन हाडं दिल्यात. त्यास्नी आधार पायजे, गादी न्हाय. चामड्याची सीट घ्या. पर मापाची."

माप घ्यायला त्यांनी मला सकाळी कालव्यावर नेलं आणि ओल्या गाळात बसवलं. फिरायला आलेली माणसं थांबून बघतायत, त्यात आमचे हेडमास्तर! उठलो तर गाळात दोन खड्डे. आबांनी मध्ये बोटं टेकवून मोजलं. "सात बोटं. माजंबी सातच हाय."

सीट पुण्याहून मागवली. लाकडासारखी कडक. "दोन-तीन म्हैनं रोज चालवा, आपसूक बसंल," आबा म्हणाले. माझ्या पुढच्या राइडला पाच आठवडे होते आणि धीर तर जन्मापासूनच नव्हता. आमच्या घरी बेंदराच्या सणाआधी बैलांच्या घुंगरांचे चामडी पट्टे एरंडेलात भिजत टाकायचे, मऊसूत व्हायचे. मीही सीट काढून दोन दिवस तेलात बुडवली. काय ती अक्कल! चार फेऱ्यांत तिची झोळी झाली.

आबांनी अंगठा दाबला, पण "बुडाला" म्हणाले नाहीत. "बैलाच्या गळ्यात बांदायची व्हती व्हय ही?" एवढं बोलून निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राइडला आठ दिवस उरले असताना दार वाजलं. आबा भिंतीला धरून उभे. चालत आले होते. हातात त्यांची स्वतःची सीट. काळी, गुळगुळीत, दोन उथळ खळगे पडलेली.

"तीस वर्सं बसलोय हिच्यावर. माप येकच हाय. घ्या."

"आणि तुम्ही?"

"आट दिसाचा तर प्रस्न हाय. राइड झाली की दुसऱ्या दिवशी आनून द्या, मातर. मला घरात बसवत न्हाय."

राइड पुरी केली! वीस मिनिटं राखून! दुसऱ्या दिवशी शाळेत सत्कार, मग सायकलवाल्यांची पार्टी, मग सगळ्यांना सीट दाखवत हिंडलो. आज देऊ, उद्या देऊ. आबांचं घर दोन गल्ल्या सोडून. दोन गल्ल्या! अजून स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं.

राइडनंतर बाराव्या दिवशी सीट घेऊन गेलो तर दारात चपलांचा ढीग. आबा त्याच दिवशी पहाटे गेले होते. भिंतीला त्यांची सायकल टेकलेली, सीटच्या जागी नळीत पाणी जाऊ नये म्हणून दुधाची पिशवी बांधलेली.

"रोज इचारायचे, मास्तर आलं का," आबांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या. "म्या म्हनलं, निरोप धाडू का. तर म्हनले, दिल्याली वस्तू मागत न्हाईत. हितं दारात खुर्ची टाकून बसायचे. जन्मात कदी बसलं न्हाईत एवडं बसलं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पाना मागून घेतला, एवढ्या माणसांत खाली बसलो आणि सीट त्यांच्या सायकलला लावली. उठून अंगठा दाबला. बुडाला नाही.

"आता कशापायी, मास्तर?" काकूंनी विचारलं.

मी परत खाली बसलो आणि नट आणखी एकदा आवळला.