जाहिरातीच्या आधी पोचणारे मामा

अमरावती-अकोल्यात कुठल्या खुर्चीवरचा माणूस उठणार आहे, हे त्या माणसाच्या आधी माझ्या धाकट्या मामांना कळतं. आईच्या या भावानं लग्न केलेलं नाही, ते अमरावतीत आमच्याच घरी वरच्या खोलीत राहतात. रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी दोन वर्षं घरी बसलो होतो. रोज सकाळी पेपरातल्या जाहिरातींभोवती लाल पेनानं गोल काढायचो, आणि वडिलांनी माझ्याशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. तेव्हा मामांनी मला हाताशी धरलं. "जायरात आली म्हंजे जागा गेली समज," असं म्हणत त्यांनी पेपर माझ्या हातातून काढून घेतला आणि स्कूटर बाहेर काढली.

त्यांची बातमी काढायची ठिकाणं निराळीच. अनोळखी माणसांच्या निरोप समारंभांना ते हक्कानं जात, चिवडा खात, आणि पुढच्या वर्षी कोण निवृत्त होणार हे विचारून येत. एका शाळेत कुणीतरी त्यांना जुना सहकारी समजून माइक दिला. ज्या सरांना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्यावर मामा दहा मिनिटं बोलले, दोन शिक्षिकांना रडवलं, "सरायची जागा भरनं कठीन हाय" म्हणाले, आणि माइक न सोडता मुख्याध्यापकांकडे वळले, "पन कधी भरता?" मी मागच्या दारानं पळालो.

पण त्यांची खरी खाण म्हणजे मित्राचा लग्नपत्रिकांचा छापखाना. नोकरी करणारी मुलगी दूरच्या गावी दिली की तिची जागा रिकामी होणार, म्हणून पत्रिका नवरीच्या काकांच्या आधी मामा वाचत. अशीच एक सापडली. मित्राकडून कळलं, नवरी अकोल्याच्या एका तेल गिरणीच्या प्रयोगशाळेत कामाला, नवरा नाशिकचा, लग्न अमरावतीत. मामांनी मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला, प्रमाणपत्रांची फाइल काखेत दिली, आणि अक्षता पडताच थेट स्टेजवर चढून नवरीला विचारलं, "पोरी, राजीनामा देल्ला काय?"

फोटोग्राफर कॅमेरा खाली करून बघतच राहिला. नवरी मात्र मनापासून हसली. "देल्ला ना, काका. आमचे सायब तिकडं जेवून राहिले."

मामांनी पंगतीत शिरून जिलबीचं ताट उचललं आणि वाढत वाढत साहेबांपाशी थांबले. चौथ्या जिलबीच्या आग्रहाला साहेबांनी विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण?"

"मुलीचा कोनीच नाही, सायब. या पोराचा मामा हाय. तेलाची तपासनी करते हा."

जमीन दुभंगली असती तर मी फाइलसकट आत गेलो असतो. साहेबांना हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन ते मला म्हणाले, "सोमवारी ये. तपासणी करून दाखव, मग बघू."

सोमवारी माझे सगळे नमुने बरोबर निघाले. नोकरी लागली, आणि त्या संध्याकाळी वडील माझ्याशी चक्क तासभर बोलले.

आता मी अकोल्यात खोली घेऊन राहतो. साऱ्या गल्लीत पेढे वाटणारे मामा मला बसमध्ये बसवताना एवढे गप्प का होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. इथे मला त्यांची फार आठवण येते. दर रविवारी त्यांचा फोन येतो. अमरावतीत एका कॉलेजातले प्रयोगशाळेचे साहेब निवृत्त होतायत, एका कारखान्यातल्या मुलीचं लग्न जमलंय.

"मामा, मला नोकरी आहे ना आता," मी हसून म्हणतो.

पलीकडून पत्रिका चाळल्याचा आवाज येतो.

"मालूम हाय रे," ते म्हणतात, "पन हे कॉलेजातली जागा आपल्या घरापासून पायी जायाची हाय."