मुंबई सव्वा तास

किस्से गोळा करावे लागत नाहीत. विमानतळावरच्या चौकशीच्या खिडकीत बसलं की ते आपोआप अंगावर येतात! सोनेगावला मी त्या खिडकीत सगळी नोकरी काढली. सत्तरीचं अख्खं दशक "मुंबईला किती वेळ लागतो?" या एका प्रश्नात गेलं. उत्तरही एकच. सातशे किलोमीटर, सव्वा तास. झोपेतसुद्धा मी हेच बडबडायचो म्हणे.

सगळ्यांत जास्त वेळा हे विचारलं काटोलच्या वामनरावांनी. त्यांची गावी संत्र्यांची बाग, आणि एकुलता एक मुलगा मुंबईत नोकरीला. दर बहाराला म्हातारा त्याच्यासाठी संत्र्यांची करंडी विमानानं पाठवायचा. संत्री जायची, पोरगा काही यायचा नाही.

*

धरमपेठेतल्या एका नव्या जावयानं तिकीट हातात घेऊन विचारलं, "बडनेऱ्यावरून जाते काय गा हे?"

"वरून जात असेल. थांबत नाही."

"थांबू नका. थोडं हळू करा फक्त. सासरे अंगणात उभे राहणार आहेत!"

*

एकदा सकाळचं विमान दुपारपर्यंत आलंच नाही. एक वकीलसाहेब खिडकीवर हात आपटून ओरडले, "सव्वा तासाचा प्रवास सांगता, अन् मी सकाळपासून इथं बसून राहिलो!"

खिडकीत माझ्या शेजारी बसणारा देशकर शांतपणे म्हणाला, "प्रवास सव्वा तासाचाच आहे साहेब. ही वाट पाहणं आहे. त्याचं तिकीट लागत नाही!"

*

घरी तरी सुटका? छे! सायकल हाणत, घामानं निथळत पोचलो की बायको दारातच, "मुंबईचं विमान सव्वा तासात येते. तुम्हाले सोनेगावहून यायले दोन तास काहून लागते?"



*

एका वर्षी वामनराव पुन्हा आले. गुडघे पार गेलेले, तरी करंडी स्वतःच उचलून आणलेली. ती खिडकीशी टेकवून जरा दम घेतला. मला त्यांच्याकडे बघवेना.

"मुंबईले किती लागते गा?"

"सव्वा तास, वामनराव."

"अन् तिकडून इकडे यायले?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी देशकरकडे पाहिलं.

"येताना पाच-दहा मिनिटं कमीच लागतात," देशकर म्हणाला. "वारा मागून असतो ना, तो ढकलतो."

वामनरावांनी करंडीची सुतळी उगाचच पुन्हा आवळली.

"कमी लागते?" ते म्हणाले. "मले वाटे, यायलेच जास्त लागत असन!"