उत्तरेची खांड

स्वातंत्र्य मिळून चार वर्षं झाली होती. भाद्रपद अमावास्येची दुपार, उधाणाच्या तोंडावर आलेली शेतं पंधरा, आणि खाडीच्या बांधावर आम्ही नऊ जण. त्यांत सर्वांत वयस्क नाना. बांधाची राखण त्यांच्याकडे होती.

घाई झाली, माणसं ओरडू लागली, की नाना चक्क खाली बसत. "आदी मी कुठं हाय त्ये बगू दे," म्हणत. घराला आग लागली तर नाना आधी पाट मागतील, अशी थट्टा पार पनवेलच्या बाजारापर्यंत गेली होती. आता या वयात मीही तसा बसून बघतो. जे दिसतं ते बहुधा आवडत नाही.

त्या दुपारी बांध दोन ठिकाणी फुटू लागला. दक्षिणेची खांड लहान, हमखास बुजणारी. तिच्यामागे चार शेतं. उत्तरेची मोठी, बुजेल न बुजेल, तिच्यामागे अकरा. माणसं आणि चिखल एकाच जागेला पुरणार होती. नाना बसले, मला म्हणाले,

"माजं शेत दक्षिनेला. तिकडं जावं वाटतंय, त्यो लोभ. उत्तरेला जावं असंबी वाटतंय, लोक नानाला मोटा म्हनतील म्हनून. माजं दोन्ही खोटं. तू हिशेबाचा मानूस, तू बोल."

मी म्हणालो, उत्तरेला. अकरा ती अकराच. नाना उठून चालू लागले. ती खांड बुजली. दक्षिणेची चारही शेतं खारी झाली. एक नानांचं, एक एकट्या राहणाऱ्या बायोचं.

खारं पाणी शिरलं की तीन वर्षं भात नाही. वाचलेल्यांनी बुडालेल्यांना दर सुगीला शेतामागे एक मण भात द्यायचं, ही आमच्याकडची रीत. पहिल्या वर्षी अकरा मण जमले. दुसऱ्या वर्षी सहा, त्यांत माझा नव्हता. तिसऱ्या वर्षी कुणीच दिलं नाही. नाना मिठागरावर मजुरीला जात. कुणाकडे मागायला गेले नाहीत.

शेवटी मीच माझे राहिलेले दोन मण घेऊन त्यांच्या दारात गेलो. पोत्यांकडे न बघता त्यांनी विचारलं, "का देतोस?"

मी ओट्यावर बसलो. सांगितलं, की अकरांत एक शेत माझं होतं; आकडे मांडायच्या आधीच मी उत्तरेची खांड ठरवली होती.

"मला ठावं व्हतं," नाना म्हणाले. "आकडा खरा व्हता म्हनून गेलो. पन तुला ठावं हाय का, त्ये मला ठावं नव्हतं. जा, बायोकडं ने. माजं फिटलं."

दोन्ही मण भात मी बायोला पोचवलं.