मराठी आकड्यांची पाटी

मी नांदेडच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. पोरांना कसलंही अवघड उदाहरण द्या, मी ते चार ओळींत फोडून दाखवायचे. पण आरटीओच्या त्या ऑनलाइन फॉर्मनं माझं डोकं असं काही फिरवलं, की एकदा मी कॉम्प्युटरवरच खेकसले, "उभा राहा बेंचवर!"

गाडी वडिलांची. त्यांना आम्ही दादा म्हणतो. ते लातूरला असतात, वय त्र्याऐंशी. गाडी म्हणजे पांढरी अँबेसिडर, पन्नाशी कधीच ओलांडलेली. माझं मागणं काही फार नव्हतं. गाडी रस्त्यावर चालत राहिली पाहिजे, बस्स. कारण माझी आई दुसऱ्या कुठल्याही गाडीत पाय ठेवत नाही.

आईला विसर पडायला लागून चार वर्षं झाली. त्यात शुगरमुळं तळपायाला जखम. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात नेऊन पट्टी बदलावी लागते, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, एक खाडा पडला तरी पायाशी खेळ आहे. रिक्षा बोलावली की आई दाराची कडी धरून बसते. माझ्या छोट्या गाडीचं दार उघडून तिला बसवायला गेले, तर माझ्या मनगटाला चावली. सख्ख्या लेकीच्या! अँबेसिडर काढली की मात्र पदर सावरत येते, गाडीच्या पुढं उभी राहते, वाकून नंबरच्या पाटीवर बोट ठेवते, एकेक अक्षर वाचते, "हाव, आपलीच हाय," म्हणते आणि निमूट बसते.

हे वाचायचं खूळ दादांनीच लावलेलं. मी तेव्हा दुसरीत-तिसरीत असेन. उदगीरला एक लग्न होतं. मांडवाबाहेर पांढऱ्या अँबेसिडर ओळीनं लागल्या होत्या. आई आहेराच्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन, आपली समजून, त्यातल्या एकीत जाऊन बसली. गाडीतल्या बायका कानडीत बोलत होत्या, तर हिला वाटलं वरपक्षाकडच्या असतील, वऱ्हाड तिकडचंच होतं ना! त्यांना वाटलं ही वधूपक्षाकडची. दोन्हीकडून मान डोलावणं चाललेलं, कुणी विचारायला तयार नाही. गाडी देगलूरच्या वाटेला लागून बरीच पुढं गेल्यावर उलगडा झाला. दादा तिला घेऊन आले ते तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेंटरला बोलावलं आणि पुढच्या पाटीवरचा इंग्रजी नंबर पुसून मराठीत रंगवून घेतला, कारण आईला मराठीच वाचता येत होतं. "आता नंबर वाचल्याबिगर कोणच्या बी गाडीत बसायचं न्हाई," असं बजावलं. तेव्हापासून कोणतंही लग्नकार्य असो, आई आधी पाटी वाचणार, मगच बसणार.

तर यंदा दवाखान्याच्या वाटेवर एका पोलिसानं गाडी अडवली. कागद तपासले. नोंदणीची मुदत कधीच संपलेली, आणि त्याच्या मोबाइलवर तो नंबर दिसेचना. बिचारा भला माणूस, मागं पट्टी बांधलेल्या पायाची म्हातारी बघून म्हणाला, "काका, आज जावा, पण कागदं नीट करून घ्या." दादांनी रात्री मला फोन केला.

मी दुसऱ्याच दिवशी लोहा-अहमदपूर करत लातूर गाठलं. आरटीओजवळ झेरॉक्सच्या दुकानात एक एजंट बसायचा. त्यानं गाडीच्या नोंदणीचं जुनं बुक उलटंपालटं करून बघितलं. "मॅडम, हे उस्मानाबादचं पासिंग हाय."

"पण गाडी तर लातूरची आहे."

"लातूर जिल्हाच नव्हता की तवा."

"मग आता उस्मानाबादला जायचं?"

"उस्मानाबाद बी न्हाई आता. धाराशिव."

म्हणजे गाडी जागची हलली नाही, पण तिचा जिल्हा एकदा बदलला आणि दुसऱ्यांदा त्या जिल्ह्याचं नाव बदललं. मी मान डोलावली. कळलं मात्र काडीचंही नाही. मग त्यानं उपाय सांगितला: गाडी पन्नास वर्षांची आहे, विंटेज करून टाका. नवी नोंदणी, नवा नंबर, त्यात 'व्हीए' अशी अक्षरं, मान वेगळाच. नाहीतर एक दिवस भंगारात. भंगार हा शब्द ऐकून दादा उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

मग मी फॉर्म उघडला. हाय रे देवा! गाडी आधी नोंदलेली आहे का? आहे. पण नंबर टाकला की म्हणे असा नंबर नाही. म्हणून मी नव्या नोंदणीवर खूण केली. दोन पानं पुढं गेल्यावर दिसलं, आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. परत मागं आले. सगळं पुसलं गेलं. परत भरलं. जुना नंबर ठेवायचा म्हणून मी खूश, तर एजंट म्हणतो, नंबर ठेवा, पण पाटी नवीच लागणार, जुनी नोंदणी चालू ठेवली तरी इंग्रजीतच, मराठी आकडे चालत नाहीत. आता आली का पंचाईत? आईला इंग्रजी कुठं येतंय?

आणि शेवटचं तर सगळ्यांवर कळस. विंटेज गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही! प्रदर्शन, रॅली, संशोधन, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला, तेवढ्यापुरतीच बाहेर. मी ते दादांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मग तुझ्या आईला प्रदर्शनात लावायचं का?"

"दादा, चेष्टा नको हो."

"मी कुठं चेष्टा करायलोय, माय? नंबर ऱ्हायला तर पाटी जाती, पाटी ऱ्हायली तर गाडी घरात बसती. मला यातलं काहीच कळंना."

मला तरी कुठं कळत होतं! मी कागदावर दोन रकाने पाडले, जुनी नोंदणी चालू ठेवली तर काय आणि विंटेज केली तर काय. अर्ध्या तासानं बघितलं, तर दोन्हीकडं एकच वाक्य लिहिलेलं: आई बसणार नाही. इतकी चिडले की कागद चुरगाळून फेकला. दादा हळूच म्हणाले, "एवढं बाकी हाय बघ तिचं. माझं नाव इचारलं तर सांगत न्हाई, पण नंबर वाचती. दर खेपेला वाचती. म्हंजे अजून हाय ती." त्यांना ती पाटी का हवी होती, ते मला त्या वेळी समजलं.

शेवटी भंगाराच्या भीतीनं विंटेजचाच अर्ज गेला, तपासणीची तारीख मिळाली. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चेसिसचा नंबर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून उमटवून आणायचा होता. मिस्त्री बुधवारी सकाळीच घरी आला, बंपर खोलला, पाट्या काढल्या आणि "दहा मिनिटांत आलो" म्हणून चहाला गेला तो गेलाच. बुधवार म्हणजे आईच्या पट्टीचा वार. आई नेहमीसारखी नेसून, केस विंचरून बाहेर आली. दादांची एकच धांदल उडाली. पाटी उचलून पुढं धरायला धावले, पण त्यांच्या गुडघ्यांना तेवढी घाई कुठं जमणार?

आई मोकळ्या गाडीपुढं जाऊन उभी राहिली. वाकली. जिथं पाटी असते तिथं नुसती पत्र्यातली दोन भोकं होती. त्यावर तिनं बोट ठेवलं आणि नंबर म्हटला. तीन अक्षरं, चार आकडे, एकही चूक नाही. "हाव, आपलीच हाय."

मी गणिताची बाई. मला ताळा करून बघितल्याशिवाय राहवेना. आईचा हात धरला आणि तिला मागं उभ्या असलेल्या माझ्या गाडीपुढं नेलं. तिनं माझ्या नांदेडच्या पाटीवर बोट ठेवलं आणि अँबेसिडरचाच नंबर घडाघडा म्हटला. "हाव, आपलीच हाय." आणि बसली! पदर मांडीवर घेऊन, अगदी निवांत.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! टाळी वाजवून मी ओरडले, "दादा, सुटलं की हो! आता कुठलीही गाडी चालेल. नुसतं आधी पाटीपुढून न्यायचं. तुमची अँबेसिडर खुशाल विंटेज करा."

दादा पायरीवर बसले होते. काढलेली पाटी त्यांच्या मांडीवर होती. ते माझ्याकडं बघत नव्हते, गाडीत बसलेल्या आईकडं बघत होते.

"ती वाचत नव्हती, माय," ते म्हणाले.

माझी टाळी हातातच राहिली. मला माझी अशी लाज वाटली, की कुठं तोंड लपवावं कळेना. त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण आई गाडीत वाट बघत होती आणि डॉक्टरांची वेळ होत आली होती. मी चावी काढली.

दवाखान्यातून परतताना एजंटचा फोन आला. फॉर्ममध्ये एक रकाना राहून गेला होता. जुना नंबर कायम ठेवायचा की नवा घ्यायचा, आत्ताच सांगा म्हणाला. मी गाडी कडेला घेतली आणि दादांना विचारलं. ते मागं आईशेजारी बसले होते, तिचा पट्टीचा पाय मांडीवर घेऊन.

"कुठला बी लाव," ते म्हणाले.