ड्वेनची सही, अर्डिथची सही

अमेरिकेत, नेब्रास्कातला ड्वेन लोकांची छपरं दुरुस्त करायचा. निम्मी कमाई तो करात दाखवतच नाही, हे त्याच्या बायकोला, अर्डिथला, यंदा कळलं. तिथे नवराबायकोला कराचा रिटर्न एकत्र भरता येतो; तसा भरला तर त्याच्या खोट्याला तीही जबाबदार ठरणार होती.

"मी माझा वेगळा भरते," ती म्हणाली.

"अगं, कर जास्त बसेल! इतकी वर्षं संसार केला, आणि आता सरकारदरबारी वेगळी चूल?"

"खोट्यावर सही करून देवाला काय तोंड दाखवू?"

"मग घरही देवालाच चालवायला सांग!"

अर्डिथनं स्वतःच्या वेगळ्या रिटर्नवर सही केली. संध्याकाळी जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी त्याचा हात धरायला तिनं हात पुढे केला. ड्वेन ताट उचलून गॅरेजमध्ये गेला. ती दोघांसाठी प्रार्थना करू लागली, पण तोंडातून शब्द फुटेना.